खेळाडूंच्या कार्डांचा संग्रह : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आवडत्या संघाच्या खेळाडूंची कार्डे जमवण्याचा छंद अमेरिकेत बेसबॉलच्या आश्रयाने वाढला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तो क्रिकेटचा हात धरून, बबलगमच्या वेष्टनातून आला. बिग फन बबलगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या कार्डांवर धावा किंवा बळी छापलेले असत आणि ठराविक बेरीज भरली की बक्षीस मिळे. त्या पिढीतील मंडळी आता प्रौढ वयात जुने डबे उघडून बसली आहेत; परंतु त्यांची माया जितकी खरी, तितक्याच त्यांच्या काही समजुती चुकीच्या असल्याने ठेव्याचे नुकसान होताना दिसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गैरसमज : कार्ड जितके जुने, तितके मौल्यवान.
वस्तुस्थिती : मूल्य ठरते ते दुर्मिळता, मागणी आणि स्थिती यांवरून. टॉप्स कंपनीचे १९५२ चे बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्या मालिकेतला न खपलेला माल पुढे खोकीच्या खोकी समुद्रात बुडवण्यात आला होता, हे त्या दुर्मिळतेचे एक कारण. उलटपक्षी, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कार्डे इतकी बेसुमार छापली गेली की त्यांतील बहुतेकांना आज नाममात्र भाव आहे. आपल्याकडे कार्डे बक्षिसापायी परत दिली जात; तेव्हा बक्षिसाचा मोह आवरून ज्याने संच राखला, तो विरळा.

गैरसमज : लॅमिनेशन करावे किंवा कडुलिंबाची पाने घालून ठेवावे, म्हणजे कार्ड सुरक्षित.
वस्तुस्थिती : उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक कार्डाला इजा न करता पुन्हा निघत नाही, आणि मूळ वस्तू कायमची बदलते. पाने ओल धरतात व डाग पाडतात. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. म्हणून पत्र्याखालचा माळा हे कागदाचे सर्वांत वाईट ठिकाण होय. पीव्हीसीऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट घ्यावे, घट्ट झाकणाचा डबा भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावा, आणि वाळवी व कसर यांचा माग महिन्यातून एकदा काढावा.

गैरसमज : विदर्भ संघाची कार्डे दुकानात मिळत नाहीत, तेव्हा विदर्भाचा संग्रह होणेच अशक्य.
वस्तुस्थिती : आयपीएलच्या कार्डांवर खेळाडू फ्रँचाइझीच्या गणवेशात असतो, हे खरे, परंतु संग्राहकाने कार्डापुरतेच का थांबावे? नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांच्यावर १९९६ साली टपाल तिकीट निघाले. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८ मध्ये इंदूरला, तर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये नागपूरला जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी यांनी हॅट्‌ट्रिक साधली, त्या दिवसांच्या वृत्तपत्राचा अंक, सामन्याचे धावफलक, प्रवेशिका हे सारे जिन्नस संघाचे अस्सल दस्तऐवजच होत.

गैरसमज : कार्डावर सही दिसली, म्हणजे ती खेळाडूनेच केलेली.
वस्तुस्थिती : अनेक कार्डांवर सही छापलेलीच असते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पाहावे : छापील सहीची रेघ बहुधा बारीक ठिपक्यांत फुटते, तर लेखणीची शाई सलग वाहते, वळणावर दाटते आणि उजेडात तिरपे धरल्यास पृष्ठभागावर वेगळी चमकते. मात्र एवढ्यावरून सही खेळाडूचीच ठरत नाही. त्यासाठी ती कोठून, कशी आली याची रुजवात घालावी लागते.

गैरसमज : वस्तू जवळ आहे, मग नोंदीची तसदी कशाला?
वस्तुस्थिती : माझ्याकडे क्रिकेटच्या कात्रणांची एक वही आली, तिच्यावर ना साल, ना तारीख. आतल्या पानावर मालकाने केवळ ‘आरमोरी, जि. चंद्रपूर’ असे लिहिले होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झाला; त्या एका ओळीने वही बहुधा त्यापूर्वीची असल्याचा कयास बांधता आला. प्रत्येक पाकिटासोबत चिठ्ठीवर वस्तू कोणाकडून, कधी, कोठे मिळाली एवढा मजकूर पेन्सिलीने लिहून ठेवावा. आरमोरीच्या त्या अनाम मालकाने चार शब्द लिहिले नसते, तर त्याची सारी माया मला नुसती रद्दी वाटली असती.