पेनड्राइव्ह त्याच खणात होता

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि सीताबर्डी, मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले. त्यानंतर काही दिवसांनी परिचयातील एक घाऊक व्यापारी धंतोलीतील माझ्या घरी आले. मालाचा विमा होता. उधारीच्या खात्यांचा नव्हता.

‘‘साहेब, बॅकअप रोज घेत होतो,’’ ते म्हणाले. कोठे? संगणकाच्याच टेबलाच्या खणात ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. दोन्ही एकाच वेळी बुडाले.

जीएसटीच्या पोर्टलवरून नोंदणीकृत ग्राहकांची बिले मिळाली, बँकेच्या उताऱ्यांतून धनादेशांची जमा कळली. परंतु रोखीने कोणी किती फेडले, हे कोणत्याच पोर्टलला ठाऊक नसते. ती बाब ग्राहकांच्या सचोटीवर सोडावी लागली.

आमच्या काळी शाखेत दिवसअखेर झाली की बॅकअपची टेप दुसऱ्या इमारतीत पाठविली जाई. हा नियम आम्हांला जाचक वाटे. एकदा तपासणीत जुनी टेप यंत्रात घातली, तर ती वाचलीच जाईना. कित्येक महिने आम्ही निष्ठेने निरुपयोगी फीत वाहून नेत होतो! घेतलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत मानू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

संकट पाण्याचेच असते असे नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने माएर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे संगणक निकामी केले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. जाळ्याची मूळ सूची सर्वत्र नष्ट झाली होती. घानामधील एका कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली असल्याने तेथील एकच प्रत वाचली. एवढ्या बलाढ्य संस्थेला वीजकपातीने तारावे! म्हणून एक प्रत तरी संगणकापासून आणि इंटरनेटपासून तोडलेली असावी, दुसरी दूरच्या जागी.

व्यापाऱ्याने आधी दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. दुकान किती काळ संगणकाविना चालेल? आणि किती तासांच्या नोंदी गेल्या तरी हाताने पुन्हा लिहिता येतील? दिवसाला दहा बिले करणाऱ्यास संध्याकाळची एक प्रत पुरते. पाचशे बिले करणाऱ्यास ती दुपारीही घ्यावी लागते. खर्च त्याप्रमाणेच करावा. विक्रेता सांगेल ते सगळे घेण्याचे कारण नाही.

कायद्याचाही धाक आहे. कंपन्यांनी हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावी, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते.

पासवर्ड केवळ मुनीमजींच्या स्मरणात नसावेत. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा क्रमांक आणि दुरुस्ती करणाऱ्याचा दूरध्वनी कागदावर लिहून घरी ठेवावा. त्या व्यापाऱ्यांनी आता तिमाहीतील एक रविवार राखून ठेवला आहे. घरच्या संगणकावर प्रत उघडतात, तेरीज जुळवून पाहतात. मागच्या खेपेस दोन दिवसांच्या नोंदी आल्याच नव्हत्या. सोमवारी दुकानातून त्या पुन्हा घेतल्या.