चारशे नव्व्याण्णवचं लिनन आणि सात दिवसांचा हक्क

फॅशनच्या जगातला ‘स्प्रिंग-समर’ हंगाम पॅरिस-मिलानच्या रॅम्पवर सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडला जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाइलवर उतरतो. तिकडे तेव्हा थंडी नुकती ओसरत असते. म्हणून त्या कपड्यांत पातळ जॅकेट असतं, विणलेला कार्डिगन असतो, फुलाफुलांच्या फ्रॉकवर चढवायचा लांब कोटही असतो. पनवेलला फेब्रुवारी संपता संपता पंखा पाचवर जातो. मग जूनपर्यंत खाडीकडून येणारी दमट हवा, हार्बर लोकलमधला घाम आणि त्यानंतर थेट पाऊस. अंगावर दुसरा थर चढवावा अशी एकही दुपार या दिवसांत मिळत नाही. तरीही खांदा कॉलनीपासून कामोठ्यापर्यंत मार्चमध्ये जी पार्सलं येतात, त्यांत असे थरावर थरांचे सेट असतातच, कारण ‘ट्रेंडिंग’ या शिक्क्याला हवामान कळत नाही.

‘ट्रेंड म्हणजे बाहेरून येतो तो’ ही समजूत मात्र आता पूर्ण खरी राहिलेली नाही. ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन संस्थेने भारतीय बाजारासाठी स्वतःचा अंदाज बांधायला सुरुवात केली आहे. ‘व्हिजननेक्स्ट’ हा तिचा उपक्रम ५ सप्टेंबर २०२४ला केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री गिरिराज सिंह यांच्या हस्ते सुरू झाला आणि त्याबरोबर ‘परिधी २४×२५’ हे ट्रेंडचं पुस्तकही आलं. इथल्या लोकांच्या कपड्यांवरून इथला कल ओळखायचा, असा हा प्रयत्न. मोबाइलवर दिसणाऱ्या यादीत त्याचा किती अंश उतरतो, हा वेगळा प्रश्न.

खरा घोळ कापडाचा आहे. ऑनलाइन खरेदीत डोळ्यांना फोटो मिळतो, बोटांना काही मिळत नाही. आणि नेमकं बोटांनीच कळायचं ते नावांच्या खेळात हरवतं. ‘कॉटन फील’, ‘सॉफ्ट कॉटन’, ‘कॉटन ब्लेंड’, ‘लिनन लुक’ हे शब्द मथळ्यात असतात. खाली तपशिलाच्या रकान्यात, बोट सरकवून सरकवून गेल्यावर, ‘पॉलिएस्टर’ असं लिहिलेलं सापडतं. वाचायचा तो रकाना, मथळा नव्हे.

लिननचंच घ्या. गेली काही वर्षं उन्हाळा आला की लिननचा शर्ट आणि लिननचा को-ऑर्ड सेट यांची लाट येते. ज्या जवसाच्या बियांची चटणी आपण खातो, त्याच वनस्पतीच्या खोडातून लिननचा धागा निघतो. फक्त धाग्यासाठी लावायच्या जाती वेगळ्या, उंच वाढणाऱ्या. त्यांची मोठी लागवड फ्रान्स आणि आसपासच्या देशांत होते. खोड शेतातच कुजवायचं, मग धागा सोडवायचा, असं ते किचकट काम. त्यामुळे अस्सल लिनन सुती कापडाहून बरंच महाग पडतं. चारशे नव्व्याण्णव रुपयांत घरपोच येणारा ‘लिनन’ शर्ट बहुधा गाठीगाठींच्या सुताचा असतो, नाहीतर तशाच गाठी पाडलेल्या पॉलिएस्टरचा. सुताचा असेल तर बिघडलं काहीच नाही. तो सुती म्हणून घ्यावा एवढंच.

‘रेयॉन म्हणजे नायलॉनचाच भाऊ’ हा असाच एक घट्ट गैरसमज. बाजारात रेयॉन किंवा व्हिस्कोस म्हणून मिळणारा धागा लाकडाच्या लगद्यापासून बनतो. कारखान्यात तयार होत असला, तरी त्याचा पिंड वनस्पतीचा. कपड्यातला धागा हवेतली किती आर्द्रता शोषून धरतो याचं एक प्रमाणित माप आहे. त्यात कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरतो, लिनन १२च्या आसपास, व्हिस्कोस ११ ते १३, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पनवेलच्या दमट उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा कुडता पाठीला का चिकटतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे. व्हिस्कोसचा दोष वेगळा: ओलं झालं की ते कमजोर पडतं आणि धुण्यात आटतं. बादलीत रगडून पिळलेली रेयॉनची कुर्ती दुसऱ्या महिन्यात लहान बहिणीला होते ती यामुळे.

याचा अर्थ पॉलिएस्टर सरसकट वाईट, असाही नाही. खेळासाठी खास विणलेलं पॉलिएस्टर घाम शोषत नाही, पण धाग्यांमधून बाहेर पसरवतं आणि चटकन वाळतं. पहाटे धावणाऱ्याला चिंब सुती टी-शर्टपेक्षा ते बरं वाटतं. उलट, जाड डेनिम शंभर टक्के सुती असूनही मे महिन्यात नकोसं होतं. धागा कोणता याइतकंच वीण किती दाट आणि कपडा किती सैल, यालाही महत्त्व आहे.

रंगाचंही तसंच. पॅन्टोन या अमेरिकी कंपनीने २०२६ साठी निवडलेला रंग ‘क्लाउड डान्सर’, म्हणजे पांढराच. उन्हाळा आणि पांढरा ही जोडी आपल्याकडे आधीच पक्की असल्यामुळे ‘काळा घातला की भाजून निघणार’ हे सगळ्यांना पटलेलं असतं. पण १९८०मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या काळ्या झग्यांवरचा अभ्यास छापून आला. काळा झगा जास्त ऊन शोषतो हे खरं, पण ती उष्णता कापडाच्या बाहेरच्या अंगालाच राहते आणि सैल झग्याच्या आत खेळणाऱ्या हवेत निघून जाते. अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्यात आणि काळ्या झग्यात सारखीच निघाली. पनवेल वाळवंट नव्हे, आणि अंगाला चिकटलेल्या काळ्या टी-शर्टला हा नियम लागू नाही. पण सैल काळ्या मलमलीचा कुडता हौसेने घेणाऱ्याला त्यावरून कोणी टोकू नये. शिवाय पातळ पांढऱ्या सुती कपड्यातून अतिनील किरणं बऱ्यापैकी आत येतात. त्यांना अडवायला गडद आणि दाट विणीचं कापड अधिक उपयोगी.

मराठी घरातली वसंतातली खरी खरेदी गुढीपाडव्याची. त्या आठवड्यात मोबाइलवर ‘येवला पैठणी’ हजाराच्या आत मिळू लागते. हातमागावर एक पैठणी विणायला नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून काही महिने लागतात; त्या कारागिराची मजुरी हजार रुपयांत बसणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. जे मिळतं ती यंत्रमागावरची सेमी पैठणी असते, आणि सेमी म्हणून ती छान दिसतेही. ओळखायची खूण उलट बाजूला आहे. खऱ्या पैठणीचा मोर किंवा मुनिया पदराच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच फिरवलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात, किंवा ते कातरल्याच्या खुणा दिसतात. विक्रेत्याने फक्त पुढचा फोटो टाकला असेल, तर पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागावा. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ या सरकारी खुणा आहेत. त्यांचं लेबल साडीवर असतं. ‘प्युअर सिल्क’ हे दोन शब्द कोणीही टाइप करू शकतो.

‘मी एम घालते’ या वाक्यालाही ऑनलाइन काही अर्थ उरत नाही. भारतात कपड्यांच्या मापांचा सर्वमान्य तक्ता आजवर नव्हता. कोणी अमेरिकी, कोणी ब्रिटिश मापांवर आपली मापं बेतली. यासाठी ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प २०१८मध्ये जाहीर झाला: मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५ हजार लोकांचं थ्रीडी स्कॅनरने माप घ्यायचं, अशी त्याची आखणी. तसा तक्ता वापरात येईपर्यंत घरातल्या नीट बसणाऱ्या कुर्तीची छाती, कंबर आणि उंची टेपने मोजून ती साइटवरच्या तक्त्याशी ताडणं हाच उपाय. तक्त्यातला आकडा शरीराचा की शिवलेल्या कपड्याचा, हे आधी पाहायचं. निम्म्या चुका तिथेच होतात.

आता किंमत. एमआरपीवर काट मारून शेजारी ‘७० टक्के सूट’ लिहिलं की स्वस्ताई झाली, असं मन मानतं. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, हा कायदा. पण कपड्यावर एमआरपी किती छापावी याला वरची मर्यादा नाही. काट मारण्यासाठीच छापलेला आकडाही कायदेशीर असू शकतो. म्हणून सूट पाहू नये, हातात पडणारी किंमत पाहावी, आणि तीही शेवटच्या पानावरची. पुण्यातून उभ्या राहिलेल्या ‘फर्स्टक्राय’ या लहान मुलांच्या कपडे-वस्तूंच्या साइटला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये २ लाख रुपयांचा दंड लावला. कारण असं की, एमआरपीत सर्व कर धरलेले असताना सवलतीच्या किमतीवर शेवटच्या टप्प्यात पुन्हा जीएसटी लावला जात होता, म्हणजे दिसणारी सूट मिळत नव्हती. कराबद्दल आणखी एक समजूत आहे की ब्रँडेड कपड्याला जास्त जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के असा दर आहे. तो ठरतो विक्रीच्या किमतीवर, नावावर नाही.

‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ता ४३ जण पाहत आहेत’ ही घाईसुद्धा बऱ्याचदा रचलेली असते. अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे. खोटी घाई त्यात आहे, आणि गुपचूप टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगीसुद्धा.

भिवंडीच्या गोदामातून पार्सल दुसऱ्याच दिवशी नवीन पनवेलला पोचतं, म्हणून माल तिथलाच असावा असं काहींना वाटतं. भिवंडीत यंत्रमाग आहेत हे खरं, पण तिथल्या मोठमोठ्या शेडमध्ये तिरुपूरचे टी-शर्ट, जयपूरचे छापील कुडते आणि सुरतच्या साड्याही असतात. ज्या साइटवर खरेदी केली तीच विक्रेती, हाही तसाच गोंधळ. पानावर लहान अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं. बाजारपेठ चालवणारी कंपनी आणि विकणारा, हे दोघे बहुधा वेगळे असतात. विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखवणं २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलं आहे.

सगळ्यांत पक्का गैरसमज परतीचा: ‘ऑनलाइन घेतलं की सात दिवसांत परत करायचा आपला कायदेशीर हक्क.’ असा हक्क भारतात नाही. युरोपीय संघात ग्राहक १४ दिवसांत कारण न देता माल परत करू शकतो. आपल्याकडे ‘आवडलं नाही’ या कारणासाठी मिळणारे सात किंवा चौदा दिवस हे त्या कंपनीचं धोरण आहे, आणि ती ते बदलू शकते. पण याची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल किंवा कबूल तारखेनंतर आला असेल, तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘नॉन-रिटर्नेबल’ अशी पाटी लावली असली तरी नाही. ‘शुद्ध सुती’ म्हणून पॉलिएस्टर आलं, तर तो न आवडण्याचा मामला राहत नाही.

इन्स्टाग्रामवरच्या बुटिकांचं ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज, अनबॉक्सिंग व्हिडिओ कंपल्सरी’ हे वाक्यही कायद्यापुढे टिकत नाही. नियमित धंदा म्हणून विकणाऱ्या अशा दुकानांनाही तेच नियम लागू आहेत. व्हिडिओ काढून ठेवला तर पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण तो नसला म्हणून हक्क जात नाही. अडचण वेगळीच असते: पैसे थेट यूपीआयने गेलेले, पत्ता माहीत नाही आणि खातं अचानक गायब. ‘रिफंडसाठी पिन टाका’ असं कोणी सांगितलं तर समजावं की पैसे निघणार आहेत. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसगत झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

साधी तक्रार असेल तर आधी त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. ‘कंपनी बंगळूरची, म्हणजे खटला बंगळूरला’ असं समजून बरेच जण इथेच थांबतात. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०ला लागू झाला. त्यानुसार ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पनवेलकरांसाठी तो अलिबागला आहे, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्याला तिथलाही पर्याय आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. सोबत बिल, साइटवरच्या त्या कपड्याच्या पानाचा ‘१०० टक्के कॉटन’ असं दिसणारा स्क्रीनशॉट आणि कपड्याच्या आतल्या लेबलचा फोटो जोडायचा. स्क्रीनशॉट ऑर्डर टाकतानाच काढलेला बरा. माल पोचेपर्यंत पानावरचं वर्णन बदललेलं असू शकतं.