दोन बॅचमधली रिकामी शेड

बीड जिल्ह्यातल्या रेशीम शेतीच्या गेल्या दहा वर्षांचा हिशेब बहुधा एकरांत आणि रुपयांत होतो. तुती किती लागली, शेड किती उभ्या राहिल्या, कोषाला भाव काय मिळाला. लागोपाठच्या दुष्काळांनी उसाचा भरवसा उडाला, त्यापेक्षा कमी पाण्यात भागणारी तुती शेतात आली, रोजगार हमीतून लागवडीला आणि शेडला पैसा मिळू लागला. पूर्वी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागे. 2018 मध्ये जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला, पुढे बीडमध्येही खरेदी होऊ लागली. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन शेडपैकी एक चालते आणि दुसऱ्या शेडला कुलूप लागतं, याचं कोडं भावाने किंवा अनुदानाने सुटत नाही, कारण ते दोघांनाही सारखंच मिळतं. माझ्या मते त्याचं उत्तर अळ्यांची एक बॅच निघाल्यापासून दुसरी येईपर्यंतच्या दिवसांत आहे.

शंभर अंडीपुंज म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्या. आयुष्यभराच्या पाल्यातला सुमारे 85 टक्के पाला त्या शेवटच्या, पाचव्या अवस्थेत फस्त करतात, आणि त्या आठवड्यात रॅकवर काड्या, विष्ठा आणि ओल यांचा थर भराभर चढतो. तो काढायला दोरीची युक्ती आहे. बेडवर लांबीने दोन दोऱ्या अंथरायच्या, वर ताज्या फांद्या टाकायच्या, दोन-तीन वेळचं खाद्य झालं की अळ्या वर येतात, मग दोऱ्यांसकट वरचा थर उचलून खालचा कचरा बाहेर. हे टाळलं की तळाशी ऊब आणि कुबटपणा साचतो. त्यात एखादी ग्रासरी या विषाणूजन्य रोगाची अळी असली, की ती सांध्यांत फुगते, अस्वस्थ होऊन बेडच्या कडेने फिरत राहते, कातडी फाटून दुधासारखा द्रव सांडते. त्यातला विषाणू प्रथिनाच्या वेष्टणात असल्याने भेगांत, मातीत, रॅकच्या जोडांत वर्षानुवर्षं टिकतो. नव्या शेडमध्ये हा साठा नसतो, म्हणून पहिल्या बॅच सहसा साधतात आणि शेतकरी निर्धास्त होतो.

दोष अंड्यांचा असतो, असं पुष्कळजण म्हणतात. अंड्यांतून येणाऱ्या पेब्रिन रोगाच्या बाबतीत ते खरं आहे. 1865 पासून फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी या रोगावर काम केलं आणि मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत रूढ केली. रोगमुक्त अंडीपुंज त्याच वाटेने आले. पण फ्लॅचरी हा वेगळा रोग आहे आणि तो संगोपनाच्या परिस्थितीशी बांधलेला आहे, हेही त्याच कामात पुढे आलं. निरोगी अंडी बाहेरून आणता येतात, स्वच्छ शेड विकत मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘ब्लीचिंग फवारलं, तरी रोग आला.’ हा अनुभव खोटा नाही. 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि 30 ग्रॅम चुना हे प्रमाण बरोबर असूनही फवारणी वाया जाते, कारण उघड्या पिशवीतल्या पावडरीतला क्लोरिन आधीच उडालेला असतो, किंवा विष्ठा न धुता तिच्यावरच फवारा मारलेला असतो आणि औषध त्या घाणीतच खर्ची पडतं. आधी झाडणं, मग धुणं, मग फवारणं, हा क्रम मोडला की मेहनत आणि पैसा दोन्ही बुडतात. बीडचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो, अळीला मात्र 24 ते 28 अंश मानवतात. उन्हाने अळी अशक्त होते, हे मान्यच. पण अशक्त अळीला जो रोग गाठतो तो आधीपासून शेडमध्ये दबा धरून असतो, तेव्हा उन्हाळ्यात सफाई सैल सोडायची नसते, आवळायची असते.

राहिला सफाईसाठी शेड रिकामी ठेवण्याच्या दिवसांचा खर्च. वर्षात एखादी बॅच कमी बसते, हप्ते थांबत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि तिला आळस म्हणणं अन्याय होईल. म्हणूनच ती एकट्या शेतकऱ्यावर सोडू नये. योजनेने शेडला पैसा दिला, तसा प्रत्येक बॅचच्या निर्जंतुकीकरणालाही द्यावा. आणि चॉकी, म्हणजे लहान अळ्या, देणाऱ्या केंद्रांनी दोन तारखा विचारून नोंदवाव्यात: आधीचे कोष कधी उतरले, आणि रोगट बॅचचा पाला तुतीत न पसरता खड्ड्यात कधी कुजायला घातला.