'करण्यात यावे', पण कोणी?

प्लेसमेंटसाठी आपण इंग्रजी घोटून घोटून पाठ करतो. पण अलिबाग-उरणकडच्या एखाद्या कारखान्यात लागलात, की गेटवरची नोटीस आणि ग्रामपंचायतीला पत्र मराठीतच लिहायला लागतं. मग असं काहीतरी तयार होतं:

"तांत्रिक कारणास्तव सदर वाहिनीचे दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असून तरी संबंधितांनी योग्य ती दक्षता घेण्यात यावी."

'असून' आणि 'तरी' एकमेकांना धडकलेत, 'संबंधितांनी'ला 'घ्यावी' हवं. पण व्याकरण सोडा हो! वाहिनी कसली? काम कधी? संबंधित कोण? ती अमोनियाची लाइन असेल, तर शेजारच्या वाडीतल्या माणसाने यातून काय समजायचं?

आता हे वाचा: "मंगळवारी सकाळी १० ते १ अमोनियाच्या पाइपलाइनची दुरुस्ती आहे. उग्र वास आला तर वाऱ्याला आडवे चालत लांब जा आणि मेन गेटवर कळवा."

नुसता 'सदर' काढून 'ही' घातलं म्हणजे भागत नाही. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, आणि महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तो शब्दांचा प्रश्न होता. आपली गोची वाक्यात आहे. 'करण्यात यावे' म्हटलं की कर्ता गायब, आणि कर्ता गायब म्हणजे उद्या जबाबदारही कोणी नाही. (काही साहेबांना तेच हवं असतं, ती गोष्ट वेगळी!)

नोटीस लावण्याआधी वॉचमनकाकांना वाचायला द्या. "म्हणजे करायचं काय?" असं त्यांनी विचारलं, तर कागद परत आपल्या टेबलावर.