शीळ मेहकरची, तबकडी मुंबईची

गीतकार आणि संगीतकाराच्या जोडीवर चित्रपट काढणे हा हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा एके काळी आवडता उद्योग होता. १९४८च्या ‘वर्ड्‌स अँड म्युझिक’मध्ये रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट आले. १९५०च्या ‘थ्री लिटल वर्ड्‌स’मध्ये फ्रेड अस्टेअर बर्ट काल्मार झाला आणि रेड स्केल्टन हॅरी रूबी. गाणी अप्रतिम, नाच देखणे; आयुष्ये मात्र सोयीप्रमाणे घासूनपुसून घेतलेली. मद्याने आणि एकटेपणाने पोखरलेला हार्ट १९४३ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. पाच वर्षांनी पडद्यावर त्याचे दुःख आले ते उंची कमी म्हणून प्रेमात हरलेल्या माणसाचे होऊन.

आपल्याकडे असा चित्रपट यायला २०२४ साल उजाडले. ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’मध्ये बाबूजी आणि गदिमा ही जोडी मराठी प्रेक्षकांनी पाहिली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’मुळे ती घराघरांत पोचलेलीच होती. पण मराठी भावगीताची वाट ज्यांनी पाडली त्यांच्यात एक जोडी ‘गीतरामायणा’च्या दोन तपे आधीची आहे आणि तिचे एक टोक बुलढाणा जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या मेहकरात आहे.

नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच कवी ना. घ. देशपांडे. जन्म १९०९चा, मेहकरजवळच्या सेंदूरजन्याचा. वकिलीचे शिक्षण घेऊन त्यांनी मेहकरातच वकिली केली. जोडीतले दुसरे गो. ना. जोशी, रसिकांचे जी. एन. जोशी. हेही विदर्भातले, हेही कायदा शिकलेले, वयानेही जवळजवळ बरोबरीचे. ना. घं.च्या ‘शीळ’ या कवितेला जोशींनी चाल लावली, स्वतःच गायली आणि १९३२च्या सुमारास एचएमव्हीने तिची तबकडी काढली.

त्या वेळचे मराठी कान नाट्यपदांवर, भजनांवर आणि लावण्यांवर पोसलेले होते. रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता चालीवर म्हणून दाखवण्याची गोडी लावली होती, जे. एल. रानडेही कविता गात होते. म्हणजे जमीन नांगरलेली होती. तरीही ‘शीळ’ वेगळी ठरली, आणि त्यामागे मला दोन कारणे दिसतात. एक कारण यंत्राचे. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची नटाची सवय विजेच्या मायक्रोफोनपुढे अनावश्यक झाली होती. शेजारी बसून मनातले सांगावे तसे गाता येऊ लागले होते. दुसरे कारण कवितेतच आहे. रानातून येणाऱ्या प्रियकराच्या शिळेने घरातली एक खेडवळ मुलगी कासावीस होते, एवढाच तिचा प्रसंग. बोली गावची, लाजही गावची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावणाऱ्या तबकडीला असाच, एका श्वासात संपणारा प्रसंग हवा होता. मुलीचे मन पुरुषाच्या गळ्यातून येते याचे बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पुढे दोघांच्या वाटा फाकल्या. जोशी १९३८ साली एचएमव्हीत नोकरीला लागले आणि इतरांचे गाणे टिपण्यात त्यांनी हयात घातली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरासिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली झाली. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींमुळे त्यांचे ते जग आज आपल्यापर्यंत पोचते.

ना. घ. मेहकर सोडून गेले नाहीत. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळापासून शेकडो मैल दूर ते लिहीत राहिले, तेही जपून. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह आला १९५४ साली. याचा अर्थ, ते गाणे वीस वर्षांहून अधिक काळ लोकांच्या ओठांवर होते आणि कवीच्या नावाचे पुस्तक मात्र नव्हते. कविता आधी कानाला आणि मग डोळ्याला भेटल्याचे इतके ठळक उदाहरण आधुनिक मराठीत विरळाच. त्यानंतर ‘अभिसार’ १९६३ साली आला. ‘खूणगाठी’साठी १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी सत्तरी ओलांडून गेले होते. १९९६च्या एका संग्रहाचे नाव ‘कंचनीचा महाल’. ती वास्तू मेहकरचीच. २००० साली ते गेले.

गायकाच्या प्रसिद्धीत कवी झाकला जातो, ही तक्रार जुनी आहे. इथे ती मला पुरती पटत नाही. जोशींनी गायली नसती तर मेहकरच्या तरुणाची कविता त्या काळी मासिकाच्या वाचकांपलीकडे गेली असती का, याची मला शंका आहे. आणि असा कवी भेटला नसता तर जोशींचा आवाज नाट्यपदांच्या गर्दीत इतका उठून दिसला असता का, याचीही. दोघांचे देणे सारखे आहे. आपण मात्र भावगीताचा इतिहास मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपासून सांगतो आणि वऱ्हाडातल्या वकील कवीला एका ओळीत उरकतो. हा अन्याय आहे.

या जोडीवर चित्रपट काढायचा कुणाच्या मनात आले, तर हॉलिवूडसारखी खोटी प्रेमकथा घुसवू नये. एक मुंबईत माइकसमोर, एक मेहकरच्या कोर्टात, ही खरी गोष्टच पुरेशी आहे. तोवर एक विनंती. मेहकर, चिखली, खामगाव, बुलढाण्याच्या जुन्या घरांत माळ्यावर तबकड्यांची पेटी पडून असेल, तर ती भंगारात देऊ नका. आत ‘शीळ’ असेल, तर ती जाणकाराकडून नीट साफ करून घ्या, तिची डिजिटल प्रत काढा आणि गावच्या वाचनालयात ना. घं.च्या पुस्तकांशेजारी ठेवा.