सीताफळ, शहाळे आणि श्रावकाचा विवेक

आइस्क्रीमच्या दुकानात एकेकाळी व्हॅनिला, पिस्ता, केशर आणि आंबा एवढीच नावे ऐकू येत. आज त्याच काचेच्या कपाटात सीताफळ, फणस, जांभूळ, खरबूज आणि शहाळे मांडलेले दिसते. मुंबईत वाळकेश्वरला 1971 मध्ये सुरू झालेल्या 'अप्सरा'चे पेरूचे आइस्क्रीम तर वरून तिखट-मीठ भुरभुरून खाल्ले जाते. सुट्टीत घरची मुले अशा दुकानापुढे उभी राहिली की त्यांना नवलाई वाटते. सोबतच्या आजी-आजोबांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: यात नेमके काय घातले आहे?

या फळांना आइस्क्रीमच्या दुकानात मानाचे स्थान मिळवून देण्यात जुहूच्या एका छोट्या दुकानाचा वाटा मोठा आहे. मंगळूरजवळच्या मुलकी गावचे रघुनंदन कामत हे फळविक्रेत्याचे पुत्र. कोणते फळ कधी पिकले, हे ओळखण्याची नजर त्यांना घरातच मिळाली. मुंबईत भावाच्या उपाहारगृहात काम केल्यावर त्यांनी 14 फेब्रुवारी 1984 रोजी जुहूला 'नॅचरल्स' सुरू केले. आरंभी गिऱ्हाईक येई ते पावभाजीसाठी. तिखट खाल्ल्यावर गोड म्हणून आइस्क्रीम. पुढे पावभाजी बंद झाली आणि दूध, साखर व फळ एवढ्याच भांडवलावर दुकान उभे राहिले. मे 2024 मध्ये कामत यांचे निधन झाले, तेव्हा त्या एका दुकानाच्या शाखा अनेक शहरांत पसरल्या होत्या.

हे काम वाटते तितके सोपे नाही. सीताफळच पाहा. हंगाम पावसाळ्याच्या अखेरीपासून जेमतेम दिवाळीपर्यंत. फळ पिकले की दोन दिवसांत उतरते. प्रत्येक पाकळीत एक कठीण बी, आणि त्या बीत विषारी द्रव्य असल्याने ती फुटून चालत नाही. हवा लागली की गर काळवंडतो. शहाळ्याची मलई फार कोवळी असेल तर तोंडात जाणवत नाही, जून झाली तर चिवट लागते. अशा कामांसाठी बाजारात तयार यंत्रे नव्हती. कामत यांनी ती आपल्या कल्पनेतून बनवून घेतली.

व्यापारी घरांनी यातले माप आणि तोलही समजून घेण्यासारखे आहेत. आइस्क्रीम घोटताना त्यात हवा मिसळली जाते. हवा वाढवली की तेवढ्याच मालात डबा लवकर भरतो. म्हणूनच भारतीय नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असावे लागते. आइस्क्रीम या नावाने विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रकारात किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वापरले, तर डब्यावर 'फ्रोजन डेझर्ट' असे लिहावे लागते. दोन डबे सारख्या आकाराचे दिसले, तरी हातात घेतल्यावर फरक कळतो.

हिरवा ठिपका पुरेसा आहे का?

डब्यावर हिरवा ठिपका दिसला की बहुतेक घरे निश्चिंत होतात. अंडी, प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन, किड्यांपासून काढलेला 120 क्रमांकाचा लाल रंग, हे सर्व त्या ठिपक्यामुळे बाहेर राहते. परंतु शासनाच्या व्याख्येत दुधाप्रमाणे मधही शाकाहारी गणला जातो. 'अंजीर आणि मध' अशा आइस्क्रीमवर हिरवा ठिपका योग्यच असतो; श्रावकाच्या दृष्टीने मात्र त्यात दोन अभक्ष्ये एकत्र आलेली असतात. मध वर्ज्य आहेच, आणि अंजीर पंच उदुंबर फळांच्या गणनेत येते. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरा यांचा त्याग सांगतात.

कंदमुळांचेही तसेच. गाजर हलव्याचे किंवा आल्याचे आइस्क्रीम नावावरून ओळखता येते. पण 162 क्रमांकाचा लाल रंग बिटापासून निघतो आणि तो स्ट्रॉबेरीच्या नावाखाली लपून राहू शकतो. 'नैसर्गिक रंग' हे शब्द वाचून समाधान मानण्यापूर्वी तो क्रमांक पाहणे बरे.

काही घरांचा नियम याहून कडक असतो. श्वेतांबर परंपरेतील बावीस अभक्ष्यांत बर्फाचाच समावेश आहे, त्यामुळे तेथे आइस्क्रीमचा प्रश्नच उरत नाही. अनेक घरांत जूनच्या अखेरीस आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा बंद होतो. अशा घरांनी भाद्रपदात आंब्याचे आइस्क्रीम घ्यावे काय? गर हंगामातच काढून गोठवलेला असला तरी खाणे आर्द्रेनंतरचे. याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. वेळेचा प्रश्नही आहेच. या दुकानांत खरी गर्दी रात्रीच्या जेवणानंतर होते. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या कुटुंबाने दुपारीच जाऊन यावे.

दुकानात सुटे आइस्क्रीम घेताना डबा समोर नसतो, म्हणून विचारणे अधिकच गरजेचे. मूळ डब्यावरील घटकांची यादी दाखवा, असे नम्रपणे सांगितले तर चांगला दुकानदार कधी रागावत नाही. उलट ज्याच्या यादीत दूध, साखर आणि फळ अशी तीनच नावे असतात, तो ती अभिमानाने दाखवतो. व्यापारात पत अशीच वाढते.

मुलांना दुकानाच्या दारातच 'नको' म्हणून परत फिरवले, तर नियम त्यांना ओझे वाटतो आणि पुढे मित्रांबरोबर असताना तो सहज सुटतो. यादी वाचण्याचे काम त्यांच्याच हाती दिले, मध कुठे आहे, बीट कुठे आहे, हे त्यांनाच शोधू दिले, तर तोच नियम त्यांचा स्वतःचा होतो. सीताफळ घ्यायचे की शहाळे, हे मग त्यांनीच ठरवावे.