विद्यापीठाचे पहिले सत्र

निवासी शाळेत घंटा दिवस वाटून देते. विद्यापीठात घंटा नसते, आणि चांगली मुलेही तिथेच बावरतात.

१९७० च्या मे महिन्यात अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संतापाचा उद्रेक झाला. तत्कालीन अध्यक्ष थॉमस जोन्स यांनी दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारला नाही. १९७२ मध्ये तेथे ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा चर्चावर्ग सुरू झाला. विद्यार्थी मोजके, शिक्षकांना मात्र आधी स्वतः प्रशिक्षण घ्यावे लागे. (आम्हा शिक्षकांना हे पचणे अवघडच!)

ग्रंथालयाचा वापर, टिपणे काढणे, वेळेची आखणी हे तर तिथे शिकवतातच. परंतु प्राध्यापकांनी भेटीसाठी राखलेल्या वेळी त्यांचे दार ठोठावणे हा आगाऊपणा नसून आपला हक्क आहे, हेही तिथे उमगते. सुशिक्षित घरातील मुलाने हे जेवता जेवता ऐकलेले असते. ज्याच्या घरातून विद्यापीठाची पायरी कोणी चढलेच नाही, त्याला ते कोण सांगणार? सल्ला-केंद्राची पाटी लावून भागत नाही. बुजरा विद्यार्थी तिकडे फिरकत नाही. हा वर्ग वेळापत्रकात असतो, त्याला श्रेयांक असतात आणि तो सत्रभर चालतो.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१९ चा ‘दीक्षारंभ’ उपक्रम याच जातकुळीचा आहे. मात्र त्याचा भर प्रवेशानंतरच्या पहिल्या दिवसांवर आहे. पहिली परीक्षा त्यानंतर येते.